भान आणि धास्ती : भंडारा जिल्ह्याच्या संदर्भात सजगतेचा आढावा

‘माइंडफुलनेस’ या इंग्रजी शब्दासाठी मराठीत अलीकडे ‘सजगता’ हा प्रतिशब्द रुळू लागला असून, शरीरात आणि मनात या क्षणी जे घडत आहे त्याकडे, ते चांगले की वाईट असा निवाडा न करता, जाणीवपूर्वक लक्ष देण्याचा सराव असा त्याचा अर्थ केला जातो. मराठी माणसाला ही कल्पना नवी वाटावी असे खरे तर काही नाही, कारण भान सुटणे, भानावर येणे, देहभान विसरणे हे शब्दप्रयोग त्याच अनुभवाच्या निरनिराळ्या टोकांना उद्देशून केलेले आहेत, आणि ‘अवधान’ या शब्दाला ‘स’ जोडून झालेला ‘सावधान’ हा शब्द तर लग्नमंडपात आणि शाळेच्या कवायतीत आजही रोज उच्चारला जातो. मंडपात तो शब्द ऐकून वऱ्हाडी मंडळी अक्षता टाकतात, मैदानावर तो ऐकून मुले टाचा जुळवतात, आणि दोन्हीकडे लक्ष मात्र बहुधा दुसरीकडेच असते. शब्द टिकला पण त्यातील अवधान झिजले, अशी ही स्थिती आहे. सजगता आणि एकाग्रता यांतील फरकही येथेच ध्यानात घेणे इष्ट, कारण एकाग्रतेत मन एका विषयावर खिळवून ठेवायचे असते, तर सजगतेत मन कोठे गेले हे ओळखणे आणि त्याला राग न धरता परत आणणे हेच मुख्य काम असते.

भंडारा जिल्ह्याच्या दृष्टीने या विषयाचा प्राचीन धागा पवनी येथे सापडतो. वैनगंगेच्या काठी वसलेल्या या तटबंदीच्या गावात 1969-70 मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण आणि नागपूर विद्यापीठ यांनी शां. भा. देव आणि ज. प. जोशी यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन केले, तेव्हा जगन्नाथ टेकडीच्या पोटातून एका मोठ्या बौद्ध स्तूपाचे अवशेष आणि ब्राह्मी लिपीतील लेख असलेले दगडी स्तंभ बाहेर आले. ध्यानस्थ बुद्धावर वादळी पावसात फणा धरणाऱ्या मुचलिंद नागाचे शिल्पही त्यांत आहे. स्तूप होता म्हणून तेथील भिक्षू नेमकी कोणती साधना करीत होते हे सिद्ध होत नाही, आणि तसा दावा उत्साहाच्या भरात केला जाऊ नये. परंतु ज्या परंपरेने मनाचे निरीक्षण हा शिस्तबद्ध अभ्यासाचा विषय केला, ती परंपरा धानाच्या आणि तलावांच्या या प्रदेशात दोन हजार वर्षांपूर्वी नांदत होती, एवढे निश्चित म्हणता येते. आज त्याच पवनी तालुक्यात रुयाड येथे उभारलेला महास्तूप पाहण्यास दूरदूरचे लोक येतात.

त्या परंपरेतील मूळ शब्द पालीतील ‘सति’ हा असून तो संस्कृत ‘स्मृती’चे रूप आहे, आणि त्यात आठवण व जागरूकता हे दोन्ही अर्थ मिसळलेले आहेत, आपण काय करीत आहोत याचा विसर पडू न देणे, असा त्याचा साधा उलगडा करता येईल. टी. डब्ल्यू. ऱ्हिस डेव्हिड्स यांनी 1881 मध्ये पाली सुत्तांचे इंग्रजी भाषांतर करताना या शब्दासाठी ‘माइंडफुलनेस’ असा प्रतिशब्द वापरला आणि पुढे तोच जगभर स्थिरावला. सतिपट्ठान सुत्तात निरीक्षणाची चार क्षेत्रे सांगितली आहेत : काया, म्हणजे श्वास, शरीराची ठेवण आणि हालचाल; वेदना; चित्त, म्हणजे मनाची त्या वेळची अवस्था; आणि धम्म, म्हणजे मनात उठणारे विषय व त्यांची परस्परसंगती. मराठी वाचकाची गफलत होते ती दुसऱ्या क्षेत्रापाशी. मराठीत वेदना म्हणजे केवळ दुखणे, पण पालीत वेदना म्हणजे कोणत्याही अनुभवाची पहिली चव, मग ती सुखद असो, दुःखद असो वा दोन्ही नसो. डोक्यावरून पंख्याचा वारा जातो तेव्हा होते तीही वेदनाच, आणि शेजाऱ्याच्या दारात नवी मोटारसायकल दिसली की पोटात जे किंचित आखडते तीही वेदनाच. प्रतिक्रिया याच्या पुढची पायरी असते, आणि वेदना व प्रतिक्रिया यांच्यामधली फट ओळखता येणे हेच या साधनेचे मर्म मानले गेले आहे.

उत्खननाची कुदळ पवनीत पडली त्याच 1969 साली ब्रह्मदेशातून सत्यनारायण गोएंका भारतात आले, आणि जुलैमध्ये त्यांनी मुंबईत विपश्यनेचे, म्हणजे याच मनोनिरीक्षणाच्या साधनेचे, पहिले दहा दिवसांचे शिबिर घेतले, हा निव्वळ योगायोग असला तरी मोठा बोलका आहे. मंडाले येथे 1924 मध्ये जन्मलेले गोएंका व्यापारी होते, आणि सयाजी ऊ बा खिन या ब्रह्मी गृहस्थ आचार्यांकडून ते ही विद्या शिकले होते. पुढे 1976 मध्ये इगतपुरीला धम्मगिरी केंद्र सुरू झाले आणि महाराष्ट्रातील शिक्षक, पोलीस, कारकून, शेतकरी अशा नाना थरांतील लोक तेथे मौन पाळून बसू लागले. दुसऱ्या दिशेने, अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेत जॉन कबाट-झिन यांनी 1979 मध्ये दीर्घकाळच्या दुखण्यांनी बेजार झालेल्या रुग्णांसाठी आठ आठवड्यांचा कार्यक्रम आखला, त्यातून धार्मिक परिभाषा बाजूला ठेवली, आणि सजगता प्रथमच रुग्णालयाच्या दारातून आत गेली. मगधातून निघालेली विद्या ब्रह्मदेशमार्गे परत आली आणि तीच अमेरिकेचा फेरा घेऊन आज मोबाइलच्या ॲपमधून साकोली-तुमसरच्या तरुणांच्या कानांत इंग्रजीतून सूचना देते. या फेऱ्यात तिच्यातील शील, म्हणजे नीतीचा भाग, बराचसा गळून गेला, अशी तक्रार अभ्यासक करतात, आणि ती रास्त आहे.

प्रत्यक्ष सरावाचे स्वरूप अगदी साधे आहे, आणि बहुधा त्यामुळेच त्याची एकीकडे थट्टा होते तर दुसरीकडे त्याला चमत्काराचे रूप दिले जाते. आनापान म्हणजे येणाऱ्या आणि जाणाऱ्या श्वासाची जाणीव. त्यात श्वास लांबवायचा किंवा रोखायचा नसतो, म्हणून तो प्राणायाम नव्हे. पाठ ताठ ठेवून बसल्यावर नाकपुड्यांच्या तोंडाशी आत जाणारी हवा किंचित गार आणि बाहेर येणारी किंचित ऊन लागते, तेवढेच पाहायचे असते. दहा-बारा श्वासांतच मन बँकेच्या हप्त्यावर, मुलीच्या परीक्षेवर किंवा कालच्या भांडणातील न सुचलेल्या उत्तरावर जाते. ते गेले हे कळते तो क्षण हाच सरावाचा गाभा असून, नवशिका मात्र त्यालाच अपयश समजतो. शरीराची फेरी या दुसऱ्या प्रकारात पायाच्या अंगठ्यापासून टाळूपर्यंत एकेका अवयवाकडे लक्ष नेत तेथील मुंग्या, ताण, उष्णता, बधिरपणा यांची नोंद घेतली जाते. तीन मिनिटांच्या छोट्या सरावात प्रथम मनात काय चालले आहे ते पाहणे, मग श्वासावर येणे आणि शेवटी सर्व शरीराचे भान घेणे असा क्रम असतो, आणि दिवसभराच्या धबडग्यात तोच सर्वांत जमण्यासारखा आहे.

या सरावाचा दैनंदिन मनःस्वास्थ्याशी असलेला संबंध प्रामुख्याने भावना वेळीच ओळखण्यातून येतो. धान उत्पादक जिल्ह्यातील एका ओळखीच्या प्रसंगावरून तो स्पष्ट करता येईल. समजा, एखादा शेतकरी ट्रॉलीभर धान घेऊन आधारभूत खरेदी केंद्रावर गेला, ओलावा मोजणाऱ्या यंत्राने सतरा टक्क्यांच्या मर्यादेपेक्षा अधिक आकडा दाखवला, त्या दिवशी काटा झाला नाही, आणि संध्याकाळी घरी परतल्यावर मुलाने दप्तर वाटेत टाकलेले पाहून त्याने मुलाच्या पाठीत धपाटा घातला. विचारले तर तो ‘राग आला’ असे सांगेल, पण ही संध्याकाळ नीट उलगडली तर तिच्या तळाशी राग सापडत नाही. चुकारा, म्हणजे धानाचे पैसे, लांबला तर कृषी केंद्राची उधारी कशी फेडायची याची धास्ती सापडते, आणि चारचौघांत धान परत घ्यावे लागल्याचे ओशाळेपणही सापडते. छातीत आवळल्यासारखे होणे, जबडा घट्ट मिटणे, कान तापणे या खुणा केंद्राच्या फाटकापासून घराच्या फाटकापर्यंत त्याच्या सोबत होत्या. त्यांकडे एकदा तरी लक्ष गेले असते, तर धपाट्याच्या ठिकाणी कदाचित एखादे वाक्य आले असते. सजगतेने चुकारा लवकर मिळत नाही. पोराचा मार मात्र वाचू शकतो, आणि दैनंदिन मनःस्वास्थ्याच्या हिशेबात ही लहान गोष्ट नव्हे.

या संदर्भात भाषेचा प्रश्न कळीचा ठरतो. मॅथ्यू लीबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, रागीट किंवा भेदरलेले चेहरे पाहणाऱ्या व्यक्तींनी त्या भावनेला नाव दिले, तेव्हा मेंदूतील अमिग्डाला या, धोक्याची सूचना देणाऱ्या बदामाएवढ्या भागाची सक्रियता कमी झालेली आढळली. म्हणजे नाव देणे हीच एक प्रकारची शमनक्रिया ठरते. आता मराठीत धास्ती, घालमेल, तगमग, हुरहूर, वैताग, चीड, खंत, हळहळ, ओशाळेपण, उबग, रुखरुख असे बारीक छटांचे शब्द विपुल आहेत, आणि भंडारा ज्या झाडीपट्टीचा भाग आहे तेथील झाडीबोलीचे स्वतःचे बोलते भांडार वेगळेच आहे, साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी त्या बोलीसाठी आयुष्य वेचले. तरीही शहरात काय किंवा खेड्यात काय, आज या सगळ्यांची जागा ‘टेन्शन’ या एकाच शब्दाने घेतली आहे. धास्तीवर उपाय वेगळा, खंतेवर वेगळा, उबगावर वेगळा. पण सगळेच टेन्शन झाले की उपायही एकच उरतो, आणि तो बहुधा गुत्त्याच्या किंवा मोबाइलच्या दिशेने जातो. सजगतेच्या मराठी मार्गदर्शकांनी श्वासाइतकेच लक्ष शब्दांकडे पुरवायला हवे होते, ते फारसे पुरवलेले दिसत नाही.

वैद्यकीय पुरावा काय सांगतो हे पाहताना उत्साह आणि तुच्छता दोन्ही आवरून धरावी लागतात. झिंडेल सीगल, मार्क विल्यम्स आणि जॉन टीसडेल यांनी, वारंवार नैराश्य येणाऱ्या पण त्या वेळी बऱ्या असलेल्या व्यक्तींसाठी सजगतेवर आधारित बोधनोपचार तयार केला. बोधनोपचार म्हणजे विचारांच्या सवयी ओळखून बदलण्यावर भर देणारी मानसोपचाराची पद्धत. 2000 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 145 रुग्णांच्या चाचणीत असे दिसले की, ज्यांना पूर्वी तीन किंवा अधिक वेळा नैराश्य आले होते त्यांच्यापैकी नेहमीच्या उपचारांवर असलेल्या गटात 66 टक्क्यांना आजार उलटला, तर सजगतेचा सराव केलेल्या गटात हे प्रमाण 37 टक्के राहिले. दोनदाच आजार येऊन गेलेल्यांना मात्र असा फायदा झाला नाही. 2014 मध्ये 47 चाचण्यांच्या एकत्रित परीक्षणातून चिंता, नैराश्य आणि शारीरिक दुखणे यांवर अल्प ते मध्यम प्रमाणात उपयोग होतो, पण औषध, व्यायाम किंवा इतर उपचारांपेक्षा तो सरस असल्याचे दिसत नाही, असा निष्कर्ष निघाला. 2022 मध्ये चिंताविकाराच्या 276 रुग्णांवर झालेल्या अमेरिकी चाचणीत आठ आठवड्यांचा हा कार्यक्रम एस्सिटॅलोप्रॅम या प्रचलित औषधापेक्षा कमी ठरला नाही. ही बातमी वर्तमानपत्रांनी मोठ्या मथळ्यांनी छापली. त्या रुग्णांकडून दर आठवड्याला अडीच तासांचा वर्ग आणि घरी रोज पाऊण तासाचा सराव अपेक्षित होता, हा तपशील सहसा कोणी छापला नाही. रोवणीच्या, म्हणजे धानाच्या लावणीच्या, दिवसांत पहाटे चूल पेटवून बांधीवर जाणाऱ्या बाईकडे रोजचा पाऊण तास कोठून येणार, हा प्रश्न त्या चाचणीला पडण्याचे कारण नव्हते, पण भंडाऱ्यात पत्रक छापणाऱ्याला तो पडला पाहिजे.

शाळांच्या बाबतीत महाराष्ट्रानेही पाऊल टाकले. 2010 नंतरच्या काही वर्षांत राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने विपश्यना विशोधन विन्यासाच्या सहकार्याने ‘मित्र उपक्रम’ राबवला, आणि शाळा भरताना व सुटताना दहा-दहा मिनिटे आनापान अशी त्याची रचना होती. कल्पना चांगली, खर्च नगण्य. पण तिचे यश पूर्णपणे शिक्षकावर अवलंबून, कारण ज्याने स्वतः कधी डोळे मिटून आपल्या मनाची पळापळ पाहिलेली नाही तो शिक्षक मुलांना ‘हलू नका’ एवढेच सांगू शकतो, आणि मग आनापानाचेही पुन्हा ‘सावधान’च होते. ब्रिटनमध्ये 85 शाळांतील आठ हजारांहून अधिक मुलांवर झालेल्या आणि 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत, 11 ते 14 वयाच्या मुलांना वर्गात सरसकट सजगता शिकवल्याने त्यांच्या मनःस्वास्थ्यात नेहमीच्या शिक्षणापेक्षा सुधारणा झाली नाही. बहुतेक मुलांनी घरी सराव केलाच नव्हता. शाळेतील उपक्रम बंद करावेत असा याचा अर्थ होत नाही. ते शिक्षकांपासून सुरू करावेत आणि मुलांवर सक्तीने लादू नयेत, एवढा अर्थ मात्र निश्चित होतो.

श्रमातील लय हीच सजगता, असे एक गोड मत अलीकडे ऐकू येते, आणि चिखलात वाकून पऱ्हे लावणाऱ्या बायांच्या रांगेचे छायाचित्र त्याच्या सोबतीला असते. हे मत अर्धेच खरे आहे. कंबर मोडत असताना हात आपसूक चालत राहतात आणि मन मात्र घरच्या कटकटीत गुंतलेले असते, असे कोणतीही रोवणी करणारी बाई सांगेल. मॅथ्यू किलिंग्सवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी 2010 मध्ये 2,250 व्यक्तींच्या नोंदींवरून दाखवले की जागेपणीच्या जवळजवळ 47 टक्के वेळी माणसाचे मन हातातल्या कामावर नसतेच. तरीही श्रमातून एक धडा जरूर घेता येतो. मोहाडी तालुक्यातील मोहाडी आणि आंधळगाव येथे हातमागावर कोशाचे, म्हणजे टसर रेशमाचे, कापड विणले जाते. कोशाचा धागा खरबरीत आणि तुटका, म्हणून धोटा फिरत असताना ताण्यातील एखादा धागा तुटला की विणकर माग थांबवतो, तुटलेले टोक बोटांनी शोधतो, ते जोडून फणीतून पुन्हा ओढून घेतो आणि विणू लागतो. धागा तुटला म्हणून तो मागाला दूषण देत नाही आणि स्वतःलाही नाही, कारण दिवसातून असे कितीदा तरी होणारच असते. श्वासावरून सुटलेले मन परत आणण्याची रीत यापेक्षा स्पष्ट करून सांगणे कठीण, आणि भंडाऱ्यातील मार्गदर्शकाने सागरलाटांच्या ध्वनिफितीऐवजी हे उदाहरण वापरले तर ते ऐकणाऱ्याला जवळचे वाटेल.

सजगतेचे धोकेही सांगितले गेले पाहिजेत, कारण ‘डोळे मिटून बसण्यात काय वाईट होणार’ हा समज चुकीचा आहे. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 83 अभ्यासांच्या परीक्षणात ध्यानाच्या सरावादरम्यान सुमारे आठ टक्के व्यक्तींना चिंता वाढणे, उदास वाटणे यांसारखे अनिष्ट अनुभव आल्याचे आढळले. ज्यांच्या मनावर जुना आघात आहे, ज्यांना भास होतात, किंवा ज्यांच्या मनात जीव देण्याचे विचार घोळत आहेत, त्यांच्यासाठी रोज दहा-दहा तास मौन बैठकीची शिबिरे योग्य नव्हेत. विपश्यना केंद्रेही प्रवेश-अर्जातच मानसिक आजाराची विचारणा करतात, ती याच कारणाने. दुसरा धोका वैचारिक आहे. दुःख मनात आहे, तेव्हा मनच सुधारा, असे म्हटले की भाव न मिळणे, धरणात गाव जाणे, तुडतुड्याने उभे धान करपणे ही सारी कारणे नजरेआड होतात. भंडाऱ्यातूनच 1954 ची लोकसभेची पोटनिवडणूक लढवलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या धोक्याचा फार आधी विचार केला होता. 1957 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात त्यांनी मनाला केंद्रस्थान दिले, पण प्रस्तावनेत चार आर्यसत्यांच्या रूढ मांडणीवरच प्रश्न उभा केला आणि माणसाने माणसाशी कसे वागावे हा धम्माचा विषय ठरवला. नागपूरच्या 1956 च्या धम्मदीक्षेनंतर ज्या कुटुंबांनी वैनगंगेच्या खोऱ्यात विहारे बांधली, त्यांच्या दृष्टीने ध्यान आणि न्याय या एकमेकांना पर्याय ठरणाऱ्या गोष्टी कधीच नव्हत्या.

सेवांच्या नकाशात भंडाऱ्याची जागा काहीशी अडनिडी आहे. 2011 च्या जनगणनेनुसार बारा लाख लोकसंख्येच्या या जिल्ह्याला मनोरुग्णालय म्हटले की नागपूरच आठवते, आणि शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर राज्याने 14 जिल्ह्यांसाठी सुरू केलेला प्रेरणा प्रकल्प मराठवाडा आणि पश्चिम विदर्भ-वर्धा या कापूसपट्ट्यापुरता राहिला, त्यामुळे धानपट्टा त्याच्या बाहेर पडला. नवी दिशा मात्र विदर्भातूनच मिळते. अमरावती जिल्ह्यातील 30 गावांत झालेल्या ‘विश्राम’ या कार्यक्रमात, गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघरी मनाच्या आजाराविषयी बोलायला सुरुवात केली, गरजूंना समुपदेशन दिले आणि तीव्र आजार असलेल्यांना डॉक्टरांपर्यंत पोहोचवले. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेले. तेथे कोणी कोणाला पद्मासनात बसवले नव्हते. ओळखीच्या माणसाने ओळखीच्या भाषेत विचारपूस केली, हेच त्यातील मुख्य औषध होते, आणि सजगतेचा सराव जोडायचाच तर तो अशा विचारपुशीला जोडावा, तिच्या जागी बसवू नये.

ज्याला तातडीने बोलण्याची गरज आहे त्याच्यासाठी केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा ऑक्टोबर 2022 पासून 14416 या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य उपलब्ध आहे आणि तेथे मराठीत बोलता येते. बाकीच्यांसाठी, आणि विशेषतः आशा सेविका, शिक्षक व विहारांतील कार्यकर्ते यांच्यासाठी, या आढाव्यातून एक विनंती निघते. सजगतेचे पुढचे माहितीपत्रक छापण्यापूर्वी लाखांदूरपासून तुमसरपर्यंतच्या बायाबापड्यांना मन बिघडले की नेमके काय होते ते त्यांच्याच तोंडून, त्यांच्याच बोलीत लिहून घ्यावे, आणि पत्रकातला ‘टेन्शन’ हा शब्द खोडून त्या जागी ते शब्द घालावेत.